थांबलेला कोंब

पहिल्या दिवशी मी हातमोजे मागितले.
गांगुर्डे मॅडम म्हणाल्या, कशाला गं?
आत जाताना कांदा, बाहेर येतानाही कांदाच.
मी मान हलवली, तरी पहिलं खोकं
चुलीतलं लाकूड धरावं तसं लांबून धरलं.
गार होतं.
बाहेर वैशाख; त्याच्यापेक्षा तर फारच गार.

लासलगावात राहून कांद्याबद्दल
मला कोण काय शिकवणार, असं वाटायचं.
चाळीच्या तोंडाशी उभी राहून वासावरून सांगते
कुठल्या थरात पाणी सुटलंय.
पण कोबाल्ट हा शब्द वहीत लिहून घेतला,
जोडाक्षर दोनदा खोडून.

तो असतो जाड भिंतीपलीकडे, खोल पाण्यात.
काम नसलं की त्याच्या कांड्या तळाशी झोपतात
आणि पाणी निळं दिसतं म्हणे.
मी पाहिलं नाही. इंद्रभाननं फोटो दाखवला फोनवर:
निळीच्या बादलीत कुणी दिवा सोडलाय.

मग कांड्या वर येतात. आत माणूस नसतो.
खोकी साखळीवरून डुलत जातात,
आधी ही बाजू दाखवतात, मग ती,
लग्नात फोटोवाल्यासमोर नवरी वळते तशी.
बाहेर येतात तेव्हा पिवळी टिकली लाल झालेली असते.
झाली नसेल तर खोकं बाजूला.
एवढंच माझं काम, टिकल्या बघायचं.

तान्हाबाई प्रतवारीच्या टेबलावरून ओरडली,
तो किरण कांद्यात राहतो ना? मग आपल्या पोटात?
मॅडम म्हणाल्या, निफाडला तुझ्या गुडघ्याचा एक्स-रे काढला,
तेव्हापासून रात्री बॅटरी लागत नाही का तुला?
सगळ्या हसल्या.
तान्हाबाई हसली नाही.
बरं, मसाल्यातले जंतू मेले, आंब्यातली अळी संपली,
आणि फवारलेलं औषध?

मॅडम जरा थांबल्या.
ते जात नाही, म्हणाल्या.
सडका कांदा चांगला होत नाही,
आणि नंतर घाण हात लागला
तर जंतू पुन्हा येतात, पाहुण्यासारखे, न सांगता.

हे एवढं नाही म्हणाल्या
म्हणून बाकीचं मला पटलं.

तरी मी दोन कांदे घरी आणले.
गौतमीनं स्केचपेननं आकडे घातले,
एक म्हणजे आत जाऊन आलेला, दोन म्हणजे न गेलेला,
आणि दोघांना खिडकीत मिठाच्या बरणीशेजारी बसवलं.
आषाढ गेला. काही नाही.
नागपंचमीला दोननं डोकं वर काढलं,
पोळ्यापर्यंत वीतभर पात,
अंग मऊ, आकडा सुरकुतलेला.
एक तसाच. टणक, गप्प,
वर्गात उभं केलेल्या पोराइतका गप्प.

खोक्यावर एक हिरवं चिन्ह असतं,
तुटक वर्तुळात रोपाची दोन पानं.
ज्याला रोप फुटणार नाही, त्याच्यावर रोप.
कुणी काढलं असेल हे, मी गौतमीला विचारलं.
तिनं खांदे उडवले, तिची चाचणी परीक्षा होती.

शेवटी एक चिरला.
पाकळीआड पाकळी पांढरी,
आणि अगदी मधे, जिथून पात निघायची,
तिथं तिळाएवढा तपकिरी ठिपका.
सुरी धरून बघत राहिले थोडा वेळ.
मग टोकानं काढून टाकला
आणि बाकीचा पिठल्यात.

दोनला डालड्याच्या डब्यात माती घालून लावलंय.
डोंगळा आला तर बी धरीन.
प्लांटात बियाण्याचा कांदा कधी पाठवायचा नाही,
हेही वहीत आहे, कोबाल्टच्या खाली.

दुसऱ्या दिवशी तान्हाबाईनं विचारलं, कसा लागला?
कांद्यासारखा, मी म्हटलं. चिरताना रडवलं त्यानं.
ती टेबलावरची काजळी झटकत राहिली.
जेवणाच्या सुट्टीत डबा उघडताना म्हणाली,
उद्या मलाही एक आण.
आकडा घालू नको त्याच्यावर.